घोडा, अवकाशयान आणि उन्हाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात रब्बीच्या दिवसांत शेतीपंपाची वीज बहुधा रात्रीच येते, त्यामुळे हरभऱ्याला पाणी देणाऱ्याला शेतातच जागरण करावे लागते. गेल्या हिवाळ्यात अशाच तीन रात्री अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा, शाळेत विज्ञान शिकवणारे माझे मित्र आणि मी, असे आम्ही तिघांनी ‘सेरेनिटी’ हा २००५ सालचा चित्रपट लॅपटॉपवर तुकड्यातुकड्याने पाहिला. वडील शेकोटीजवळ बसून आमच्याकडून कथा ऐकत होते. चित्रपट संपला तरी त्यातले जग कितपत पटण्याजोगे आहे यावरचा वाद मात्र आजही चालू आहे, आणि त्या वादात माझी जी बाजू आहे ती मला इथे नीट मांडायची आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जॉस व्हीडन यांनी २००२ साली ‘फायरफ्लाय’ ही मालिका केली होती. तिचे १४ भाग तयार झाले, पण ११ दाखवल्यानंतर ती बंद पडली. चाहत्यांनी लावून धरले आणि त्या कथेचा पुढचा भाग म्हणून हा चित्रपट निघाला. पृथ्वीवर माणसे मावेनाशी झाल्यावर मानवजात एका नव्या सूर्यमालेत जाते, तिथले अनेक ग्रह आणि शेकडो चंद्र राहण्याजोगे करून घेते. मधले ग्रह श्रीमंत आणि सत्ताधारी होतात, कडेचे चंद्र गरीब राहतात, आणि या कडेच्या जगात एका जुन्या मालवाहू यानावरची मंडळी मिळेल ते काम करून पोट भरतात.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की, ज्या समाजाकडे अवकाशयाने आहेत त्या समाजातली माणसे घोड्यावर कशी बसतात आणि यानाच्या पोटातून गुरे कशी नेतात. माझ्या मित्रांनीही पहिल्या रात्री हाच मुद्दा काढला. मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. आमच्या शिवारात एका बांधावर सौर पंप आहे, दुसऱ्या बांधावर भाड्याने आणलेला ड्रोन फवारणी करतो आणि त्याच दिवशी मधल्या पट्ट्यात बैलजोडीने डवरणी चालू असते. पऱ्हाटी म्हणजे कपाशी दाटल्यावर तिच्या ओळींतून ट्रॅक्टर जात नाही, आणि पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीत तर तो रुततोच. बैल मात्र जातो, कडबा खातो, शेणखत देतो, आणि त्याचा सुटा भाग शहरातून मागवावा लागत नाही. जिथे पोहोचायला यानाला अनेक दिवस लागतात आणि इंधन परवडत नाही, अशा चंद्रावर घोडी विते आणि शिंगरू मिळते, ही गोष्ट कोणत्याही यंत्रापेक्षा मोठी आहे. नवे आले म्हणून जुने निघून जात नाही, विशेषतः जिथे पैसा कमी आणि अंतर जास्त असते तिथे. या चित्रपटाच्या जगरचनेतला हाच भाग मला सर्वांत खरा वाटतो.

खरी खोट वडिलांनी दाखवली. शेकडो चंद्रांवर माणसे शेती करतात हे ऐकल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “पन तिथं ऊन किती पडते?” प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. पृथ्वीला मिळणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या तुलनेत मंगळाला सुमारे ४३ टक्के मिळतो आणि गुरूला जेमतेम २७ वा हिस्सा. एकाच ताऱ्याभोवती एवढी जगे मांडायची तर त्यांतली बहुतेक दूर थंडीतच जाणार, आणि चित्रपटात तर कडेच्या वस्त्यांवरही भर दुपारचे ऊन दिसते. भाच्याचे म्हणणे होते की डोळ्याला २७ वा हिस्साही पुरतो, तो उजेड आभाळ दाटून आलेल्या दिवसासारखा दिसेल. त्याचे म्हणणे बरोबर आहे, पण पीक डोळ्यांवर येत नाही. वडील म्हणाले, “आठ रोज आभाय रायलं तं पराटीच्या पात्या गयतेत. तिथं तं बाराई महिने आभायच म्हना.” हवा बनवता येईल, पाणी आणता येईल, कदाचित गुरुत्वाकर्षणाचीही काही सोय लावता येईल, पण ऊन कुठून आणणार, याबद्दल चित्रपट एक वाक्यही बोलत नाही.

चित्रपटानंतर काही वर्षांनी जो अधिकृत नकाशा निघाला, त्यात या सूर्यमालेत पाच तारे दाखवून ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. त्यातल्या एका ताऱ्याचे नाव कालिदास आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपला रामटेक असे मानले जाते, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला तो तारा नकाशावर दिसल्यावर जो आनंद होतो तो मी लपवणार नाही. तरीही मागाहून लावलेले ठिगळ ते ठिगळच. चित्रपटाच्या आरंभी वर्गात शिकवणारी बाई नव्या सूर्यमालेची माहिती सांगते, तिथेच ‘पाच सूर्य’ एवढे दोन शब्द घातले असते तर भागले असते.

यानावर आसरा घेतलेल्या एका भावाने आपल्या बहिणीला प्रयोगशाळेतून कसे सोडवले, याची मालिकेतली हकीकत आणि चित्रपटातले दृश्य जुळत नाही, हे मान्य. मालिकेत तो भूमिगत लोकांना पैसे देतो, चित्रपटात स्वतः आत शिरतो. यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण माणूस अनोळखी प्रवाशांना सगळे खरे सांगत नाही.

रीव्हर्सचे, म्हणजे यानांतून फिरून माणसांवर तुटून पडणाऱ्या नरभक्षकांचे, प्रकरण मात्र असे सुटत नाही. मिरांडा या ग्रहावरच्या हवेत लोकांना शांत करणारे रसायन सोडले गेले, त्याने ३ कोटी माणसे जिथल्या तिथे बसून, निजून मेली, आणि हजारात एकावर त्याचा उलटा परिणाम होऊन तो रीव्हर झाला. म्हणजे हिशोबाने सुमारे ३० हजार. मित्रांनी विचारले की, ज्यांची बुद्धीच गेली ते यान कसे चालवतात? मला आमच्या शेजारचे एक वृद्ध आठवले, ज्यांना मुलाचे नाव आठवत नाही पण हातात अंबाडी दिली तर दोर वळतात. हाताची सवय डोक्याच्या आधाराशिवाय बरीच टिकते. पण मालिकेच्या पहिल्या भागातच सांगितले आहे की रीव्हर्स आपल्या यानाचे किरणोत्सारापासूनचे आवरण न वापरता फिरतात. असे लोक फार वर्षे जगणार नाहीत, आणि चित्रपटात तर त्यांचा प्रचंड ताफा दिसतो.

इथे भाच्याने जी जोडणी केली ती मला पटली. मालिकेच्या ‘बुशव्हॅक्ड’ या भागात रीव्हर्सचे क्रौर्य पाहून वाचलेला एक माणूस स्वतःच त्यांच्यासारखा होतो, आणि चित्रपट म्हणतो की रीव्हर्स रसायनाने झाले. चाहते यालाही विसंगतीच मानतात. पण पहिले ३० हजार रसायनाने झाले असतील आणि ते किरणोत्साराने मरत असतील, तर त्यांची जागा भरायला पकडून नेलेल्यांतून नवे रीव्हर्स व्हावेच लागतात. त्यामुळे तो भाग खोडून टाकता येत नाही. ताफ्याची संख्या टिकण्यासाठी त्याचीच गरज पडते.

मित्रांना हे अजून मान्य नाही. नवा माणूस यान चालवायला शिकतो कुठे, असे ते विचारतात.