आधी काळं, मग करडं

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे लहानपणापासून ऐकत आले. त्या बिऱ्हाडाला संडासाची टाकीही असते आणि ती आपल्यालाच रिकामी करावी लागते, हे मात्र आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आई-बाबा वाईहून आमच्याकडे डेन्व्हरला आले होते. सप्टेंबर अर्धा सरला होता, म्हणून पंचवीस फुटी गाडी घेऊन आम्ही एस्टेस पार्क गाठलं. रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या उंबरठ्यावरचं हे गाव. उंची ७,५२२ फूट. पाटी वाचल्यावाचल्या बाबांनी हिशेब मांडला, "कळसूबाई ५,४००. म्हणजे इथला वाणीसुद्धा कळसूबाईच्या डोक्यावर दोन हजार फूट बसून दुकान चालवतो."

नॅशनल पार्कच्या आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला वीज, पाणी, ड्रेनेज काही जोडून मिळत नाही. म्हणून आमच्यासारखी अर्धवट धाडसी माणसं गावातल्या आरव्ही पार्कमध्ये उतरतात. जाहिरातीत नदी होती, पाइनची झाडं होती, मागे डोंगर होता. प्रत्यक्षात खडीचा एक पट्टा, विजेचा खांब, नळ आणि जमिनीत झाकण लावलेलं एक भोक. याला म्हणतात फुल हूकअप. खिडकीतून दिसत होतं ते शेजारच्या गाडीचं टायर. १४,२५९ फुटांचं लाँग्ज पीक बघायला मान बरीच वाकडी करावी लागायची. खरं सांगायचं तर पहिल्या संध्याकाळी मी हिरमुसलेच होते. याच्यापेक्षा हॉटेल काय वाईट होतं?

आई मात्र आल्या आल्या ओटा पुसून मोकळी. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर नुसती नाचत राहते. आईने हे कुठे वाचलेलं नव्हतं, पण कुकर मात्र घरून आणला होता. रात्री तिसरी शिट्टी झाली तेव्हा शेजारचे आजोबा टॉर्च घेऊन बाहेर आले. हा एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या, माजाचा हंगाम. नर एल्क खर्जात सुरू करतो आणि मग इतकी उंच, चिरकी शिट्टी घालतो की एवढ्या थोराड जनावराच्या गळ्यातून ती आली यावर विश्वास बसत नाही. आजोबांना वाटलं, एखादा गाड्यांच्या मधेच शिरला. आईने दार उघडून त्यांना कुकर दाखवला. दुसऱ्या दिवशी वरणाची वाटी तिकडे गेली आणि केळ्याचा ब्रेड इकडे आला.

आंघोळीचं गणित वेगळंच. गाडीतला गीझर सहा गॅलनचा, म्हणजे साधारण २३ लिटर. चिरंजीव शॉवरखाली उभे राहिले आणि चार मिनिटांत किंचाळत बाहेर आले. आई-बाबांना काहीच अडचण नाही. २३ लिटर म्हणजे बादली आणि वर दोन तांबे. "अजून किती पाणी लागतं माणसाला?" असं आईने विचारलंही.

आणि आता टाकी. आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक मोरी-आंघोळीच्या पाण्याची, तिला ग्रे म्हणतात, आणि एक संडासाची, ती ब्लॅक. नवऱ्याने सरळ विचार केला की पाइप भोकात सोडलेलाच आहे, तर काळ्या टाकीचा व्हॉल्व उघडाच ठेवू, आपोआप जाईल सगळं. शेजारच्या आजींनी ते पाहिलं आणि धावतच आल्या. व्हॉल्व उघडा ठेवला की पाणी तेवढं निघून जातं आणि बाकीचं मागे राहून त्याचा डोंगर होतो. डोंगर बघायला आला आहात, पण तो हा नव्हे, असं त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितलं. टाकी भरत येईपर्यंत बंद ठेवायची, मग एकदम सोडायची. आधी काळं, मग करडं. म्हणजे साबणाचं पाणी जाता जाता पाइप धुऊन नेतं.

बाबांची पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं गेली. हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. नवऱ्याला बाजूला सारून त्यांनी हातमोजे चढवले, पाइपाला उतार नीट मिळावा म्हणून खाली दगड सारले आणि दांडा ओढला. पाइपाच्या तोंडाशी पारदर्शक तुकडा असतो, त्यातून सगळं दिसतं. मी तोंड फिरवलं. बाबा उकिडवे बसून शेवटपर्यंत बघत राहिले.

हात धुताना म्हणाले, "वाड्यात मागच्या बोळातून एक बाई यायची. टोपली न्यायची. मी दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत रोज. तिचं तोंड मी एकदाही नीट पाहिलं नाही."

मी काही बोलले नाही. समोर, आमच्या डेन्व्हरच्या घराच्या तोडीची किंमत असेल अशा बसएवढ्या आरव्हीचा मालक गुडघ्यांवर बसून हेच काम करत होता. त्याने मान वर करून बाबांना हात केला, बाबांनीही केला.

नदीही बाबांनीच लावून धरली. बिग थॉम्प्सनच्या घळीतून वर येताना रस्त्याकडेला पाट्या आहेत: पूर आला तर गाडी सोडा आणि वर चढा. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी या घळीत ढगफुटी झाली आणि १४० हून जास्त माणसं वाहून गेली. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडो राज्याची शंभरी होती, सुट्टीच्या गर्दीने नदीकाठ फुललेला. "आमच्या खात्यात कुणी पानशेतचं नाव काढलं की सगळे गप्प व्हायचे," बाबा म्हणाले. त्यानंतर रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते नदीकाठी जात आणि कालच्यापेक्षा पाणी किती बोटं खाली गेलं ते येऊन सांगत. १२,१८३ फुटांपर्यंत चढणाऱ्या ट्रेल रिज रोडवरही आम्ही जाऊन आलो. बाबांचा अभिप्राय एवढाच, की गटार बांधलंय चांगलं.

निघायच्या दिवशी पाइप धुऊन गुंडाळले, वीज काढली. आमच्या शेजारच्या जागेवर लांबलचक ट्रेलर घेऊन एक तरुण जोडपं आलं होतं. मागे घेता घेता तो मुलगा घामाघूम. बायको मागून ओरडते आहे, याला ऐकू येत नाही, झाड दोन फुटांवर. बाबा चालत गेले, त्याच्या आरशात दिसतील असे उभे राहिले आणि हात हलवत सुरू झाले.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे घ्या थोडं... येऊ द्या..."

ट्रेलर इंचाइंचाने मागे येत होता. मुलाला शब्द एकही कळत नव्हता, तरी तो अगदी बाबांच्या हाताबरहुकूम चाक फिरवत होता. भोक आणि पाइपाचं तोंड समोरासमोर आलं तसे बाबा म्हणाले, "बास!" आणि मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.