बाबा आले का?

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

आई झोपली आहे. तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवून मी बाहेरच्या टेबलाशी बसले आहे. जवळजवळ तीन आठवड्यांनी ही वही हातात घेतली. मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं खूप होतं, पण लिहिलं असतं तर नुसती कुरकूर झाली असती.

गुरुवारचं मात्र लिहायलाच हवं.

रात्री अडीचच्या सुमारास आई उठून बसली होती. पाय पलंगाखाली सोडलेले, पदर नीट केलेला, नजर दाराकडे. "बाबा आले का गं?" बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पहिल्यांदा मी सांगितलं, "नाही आई, झोप तू." दुसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडले, "बाबा नाहीत आई! गेले ते! किती वेळा सांगू?"

तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे कळलं, आपण काय केलं ते. मला सहा वर्षांपूर्वी कळलेली बातमी तिला त्या क्षणी कळत होती. तिचे ओठ थरथरले. "कधी?" एवढंच ती म्हणाली. पाच मिनिटांनी ती सगळं विसरली आणि झोपली. मला झोप लागणं शक्यच नव्हतं.

स्वयंपाकघरात अंधारात जमिनीवर बसले आणि प्रार्थना करायचा प्रयत्न केला. "प्रभू" म्हटलं आणि त्यापुढे शब्दच फुटेना. लहानपणापासून प्रार्थना करत आले आहे, चारचौघांत उभं राहूनही केली आहे, पण त्या रात्री तो एकच शब्द होता. मग फोनवर पवित्र शास्त्र उघडलं. १ राजे या पुस्तकाचा अध्याय १९. तो का उघडला, सांगता येणार नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला पाठ आहे, निदान मला तसं वाटत होतं. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला, देवाचा अग्नी उतरताना पाहिलेला माणूस. आणि लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीची धमकी येते काय आणि तो जीव मुठीत धरून पळतो काय! बैर-शेबा येथे चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट चालून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला सांगतो, आता पुरे झालं, माझा जीव घे.

आजवर मी इथून सरळ होरेब डोंगरावर पोचत असे. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची ती शांत, मंद वाणी. उपदेशांतही बहुधा तेवढंच ऐकलेलं. मधल्या चार ओळींवर मी कधी थांबलेच नव्हते. एलीया मरण मागतो आणि झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो, म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला रागावत नाही, "एवढा मोठा चमत्कार पाहिलास आणि आता हे?" असं विचारत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला देतो आणि म्हणतो, तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे. पुढची चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींची वाट त्या दोन जेवणांवर आणि त्या झोपेवर झाली. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने त्यानंतर, होरेबला पोचल्यावर विचारला.

हे वाचून मी रडले. कारण मला काही महिन्यांपूर्वी ऐकलेलं एक वाक्य आठवलं. मी फार थकले आहे, जीव कशातच रमत नाही, असं मी विश्वासातल्याच एका व्यक्तीपाशी बोलले होते. उत्तर आलं, "प्रार्थना कमी पडत असेल. विश्वास असला की खिन्नता येत नाही." माझ्या भल्यासाठीच ते म्हटलं होतं, हे मी मानते. पण ते शब्द मी महिनोन्‌महिने ओझ्यासारखे वाहिले. थकवा होताच, त्यावर थकल्याची लाज चढली.

आज मी ठामपणे लिहिते की ते बोलणं शास्त्राला धरून नाही. पवित्र शास्त्रातल्या १५० स्तोत्रांमध्ये देवापुढे रडणारी, त्याला "किती वेळ?" असं विचारणारी कितीतरी स्तोत्रं आहेत. ८८वं स्तोत्र तर शेवटीही उजेडात येत नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. येशू मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी रडला, आणि त्याला उठवायलाच तर तो निघाला होता! वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने शिष्यांना स्पष्ट सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ज्याच्यावर मी विश्वास ठेवते, त्याला स्वतःला खिन्नता आली, सोबत मागावीशी वाटली. मग मी ती लपवायची कोणापासून?

शुक्रवारी सकाळी दोन गोष्टी केल्या. डॉक्टरांची वेळ घेतली, आईसाठी नाही, माझ्यासाठी. ही गोष्ट मी बरेच दिवस टाळत होते, जणू डॉक्टरकडे गेलं की प्रभूवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. एलीयाला भाकरीच्या जागी नुसता उपदेश मिळाला असता तर तो होरेबला पोचला असता का? दुसरी गोष्ट, दादाला फोन केला. "दादा, शनिवारी रात्री तू ये. मला झोपायचं आहे." एवढंच. कारणं दिली नाहीत, रडगाणं गायलं नाही. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते बोलायला जड गेलं. सगळं आपणच करतो आहोत, याचा मला आतून अभिमान होता.

काल रात्री मी सलग आठ तास झोपले.

आज उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय वाचला गेला. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." हे वचन मी शेकडो वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी मनात चित्र उभं राहायचं ते सगळं खाली ठेवण्याचं. आई, औषधं, रात्रीची जाग, काहीच उरलेलं नाही असं. म्हणून तर विसावा कधी मिळालाच नाही, कारण यातलं काही खाली ठेवता येण्यासारखं नाही आणि ठेवायचंही नाही. आज पहिल्यांदा पुढच्या ओळीने मला धरलं. विसावा देईन म्हटल्यावर तो लगेच जू घ्यायला सांगतो! "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे." जू म्हणजे कामच की. आणि जुवाला सहसा दोघं जुंपतात. येशूच्या मनात तेच होतं का, हे सांगण्याइतकी मी अभ्यासू नाही. पण बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं की गेली दोन वर्षं मी जुवाची दुसरी बाजू रिकामी ठेवून ओढते आहे, आणि मानेवर वळ उठला की देवाला दोष देते आहे.

घरी येऊन पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाचा ५वा अध्याय काढून पाहिला. निर्गम या पुस्तकातल्या आज्ञेत शब्बाथाचं, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचं, कारण सृष्टीची उत्पत्ती हे आहे: देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादमध्ये कारण वेगळं आहे. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. दासाला सुट्टी नसते. आणि विसाव्याच्या त्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्याबरोबर बैल आणि गाढवही आहेत! गाढवाला जो दिवस देवाने ठेवला, तो मी स्वतःला देत नव्हते. दर शनिवारची रात्र आता दादाची, असं ठरलं आहे.

मन एकदम शांत झालं, असं मी लिहिणार नाही. दुपारी औषधाची बाटली सांडली तेव्हा कपाळावर आठी आलीच, आवाजही चढू लागला होता. पण चढता चढता मला तो ऐकू आला. गुरुवारी तो ऐकू आला नव्हता.

हे लिहीत असतानाच आतून हाक आली, म्हणून उठून गेले होते. आई बसली होती, नजर दाराकडे. "बाबा आले का गं?"

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले. "आई, बाबांची आठवण येते का तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "येते ना. उशीर केला की मला झोप नाही लागत. पण सायकल ओट्याला टेकवल्याचा आवाज आला की लगेच लागते." सायकलचं मला कधीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आणखी सांग ना." तिने सांगितलं. थोडं पुढचं मागे, मागचं पुढे झालं, पण सांगितलं. बोलता बोलताच तिचे डोळे मिटले.

माझं एक बोट तिच्या मुठीत अडकलं होतं. मी ते लगेच सोडवून घेतलं नाही. "प्रभू" म्हटलं, त्यापुढे आजही शब्द आले नाहीत, आणि तशीच बसून राहिले.