बाळ येणार आहे: आधी ओल, डास आणि हवा, मग खरेदी

आठवा महिना लागला की घरात याद्या फिरायला लागतात. झबली किती, दुपटी किती, पाळणा कुठला. मुंबईत झबली अर्ध्या तासात मिळतात. भिंतीची ओल अर्ध्या तासात जात नाही. म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यातच घराकडे बघायला लागा आणि क्रम असा ठेवा: ओल, डास, हवा, झोपायची जागा, कपडे. बाकीचं शेवटी. जन्माआधी बाळाचं काही घरात आणायचं नाही अशी पद्धत असेल तर हा क्रम सोयीचाच आहे, कारण पहिल्या तीन कामांत मच्छरदाणी सोडली तर बाळासाठी असं विकत आणायचं काही नसतंच.

पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल तर हे सगळं माहेरच्या घरात करायचं. सासरी रंग देऊन पाळणा टांगून ठेवलेला असतो आणि बाळाचे पहिले तीन महिने जातात डोंबिवलीच्या भलत्याच खोलीत, असं सर्रास होतं. बाळ आधी कुठे राहणार हे ठरवा आणि ते घर आधी तयार करा.

बाळंतपण जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर ओलीचं काम मे महिना संपायच्या आत व्हायला हवं. भिंतीवर तळहात टेकवून बघा. दमट-गार लागतेय का, रंगाला फुगे आलेत का, कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का. डाग बाहेरच्या भिंतीवर असेल आणि फक्त पावसात वाढत असेल तर बहुतेक बाहेरच्या प्लास्टरला तडा आहे. सोसायटीला लेखी अर्ज द्या. डाग छतावर किंवा बाथरूमला लागून असेल आणि बारा महिने ओला असेल तर गळती वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची किंवा पाइपाची असते. तिथे वरच्या बिऱ्हाडाशी बोलावं लागतं. दोन्हींत महिना सहज जातो, म्हणून लवकर सुरुवात. मूळ तसंच ठेवून वरून रंग मारला तर पहिल्या दोन-तीन पावसांत पोपडे सुटतात.

बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, तिची धूळ घरभर उडते. डिटर्जंटच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि भिंत पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. हे काम पोटुशीने करायचं नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, मागे वारा खेळला की बुरशी परत लवकर धरत नाही. रंगकाम बाळ यायच्या किमान महिनाभर आधी आटपा. जुन्या चाळीत दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात आणि त्यांत शिसं असू शकतं. ते कोरडे घासायला लावू नका, आणि घासकाम होणारच असेल तर गर्भवतीने तेवढे दिवस दुसरीकडे राहावं.

डासांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डेंग्यूचा डास गटारात नाही, घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून घरातलं सगळं साठलेलं पाणी उपसायचं: कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या नळीखालची बादली, खिडकीच्या ग्रिलवर टाकलेले रिकामे डबे. नुसतं ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. म्हणून कड घासायची. पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर पिंपं भरलेलीच असणार. त्यांना घट्ट झाकण हवं, नाहीतर वरून कापड बांधून टाका. गच्चीवरच्या टाकीचं झाकणही बघून या. मुंबईत मलेरियाचा डास टाक्यांमध्ये वाढतो आणि टाकीच्या झाकणाकडे कुणाचंच लक्ष नसतं.

खिडक्यांना जाळी लावाच. वेल्क्रोची स्वस्त पडते, पण वर्षभरात कडा सुटतात आणि नेमक्या खालच्या कोपऱ्यातून डास आत येतात. भाड्याचं घर नसेल तर सरकती जाळी बसवून घ्या. बाळाला मच्छरदाणी, दिवसाही, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. मच्छरदाणी गादीखाली सगळ्या बाजूंनी खोचलेली असावी आणि बाळाच्या अंगाला टेकू नये. टेकली की डास जाळीतूनच चावतो. मच्छर अगरबत्ती बाळाच्या खोलीत पूर्ण बंद. अंगाला लावायची डासांची क्रीम दोन महिन्यांच्या आत लावायचीच नाहीत. लिक्विडचं मशीन अगदीच लागलं तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना लावा, मग बंद करून खिडक्या उघडा आणि त्यानंतर बाळाला आत आणा.

आता हवा, आणि इथे घरातल्या मोठ्यांशी नीट बोलावं लागतं. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा, ओवा-बाळंतशोपाची धुरी द्यायची, ही रीत मायेची आहे. पण ती अंगण असलेल्या घरातली. दहा बाय बाराच्या खोलीत, खिडक्या लावून, निखाऱ्याची शेगडी खाटेखाली ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गुंगी येते ती शेकाने आलेली सुखाची झोप वाटते. धुराने बाळाच्या श्वासनलिकांना त्रास होतो तो वेगळा. आजींना शेक हवाच असेल तर बाळंतिणीच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी द्या, ओवा-बाळंतशोपा मुखशुद्धीला द्या. मान राहतो आणि धूर टळतो. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत एक दिवसही नको.

तोच धोका बाथरूममधल्या गॅस गीझरचा आहे. छोटं बाथरूम, झडप बंद, दार बंद आणि आत गीझर चालू, अशा वेळी माणसं बेशुद्ध पडतात. गीझर बाथरूमच्या बाहेर किंवा मोकळ्या हवेत हलवता आला तर उत्तम. नाही हलवता आला तर आधी बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, पाच-दहा मिनिटं दार उघडं ठेवा आणि मग बाळाला आत न्या. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटं केलं की चुकून उकळतं पाणी अंगावर जातं. पाण्यात कोपर घालून बघा, कढत लागता कामा नये. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, ओल्या फडक्याने अंग पुसणंच बरं. नाळेला हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. कोरडी ठेवायची आणि लंगोट तिच्या खाली बांधायचा.

कापूर फडक्यात बांधून पाळण्याला लटकवतात, तेही थांबवा. कापूर तान्ह्या बाळाला विषारी असतो, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. सर्दीचे कापरासारख्या उग्र वासाचे बामही दोन वर्षांपर्यंत नकोत.

कबुतरांची विष्ठा वाळली की तिची भुकटी वाऱ्याबरोबर आत येते आणि फुप्फुसांना बाधते. एसीच्या बाहेरच्या युनिटवर घरटं असेल तर पिल्लं उडून गेल्यावर जागा आधी पाण्याने भिजवा, मास्क लावून ओल्यानेच साफ करा, मग कबुतरजाळी ठोका. शेजारी रीडेव्हलपमेंट चालू असेल तर दिवसातून दोनदा ओलं पुसणं हाच उपाय. केरसुणीने धूळ फक्त जागा बदलते.

झोपायची जागा. वन आरके असो की टू बीएचके, बाळाला स्वतंत्र खोली लागत नाही, सहा बाय चार फुटांचा एक मोकळा कोपरा लागतो, आईच्या हाताशी. तो मोकळा करायला सामान बाहेर काढावं लागतं आणि मुंबईत हेच अवघड. माळ्यावरून सुरुवात करा: दोन वर्षांत न काढलेलं आणखी वर्षभर कुणी काढणार नाही. कोपऱ्याच्या वर जड फोटोफ्रेम, घड्याळ, माळ्याचं ढिलं दार काही नको.

बाळ पाठीवर झोपवायचं, कडक आणि सपाट गादीवर. उशी नको, मोहरीची उशीसुद्धा नको. डोक्याच्या आकारासाठी ती वापरतात, पण आकार सुधारतो तो डोकं एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला वळवल्याने, आणि जागेपणी थोडा वेळ पोटावर ठेवल्याने. अंथरुणात गोधडी, लोड, मऊ खेळणी काही नको. साडीच्या झोळीत बाळ पटकन शांत होतं हे खरं, पण झोळी खोलगट असते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. त्यामुळे झोळीत डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवायचं. पाळणा सपाट तळाचा घ्या, दांड्यांतलं अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा कमी आणि गादी-कठड्यात दोन बोटं जातील इतकीही फट नको. टांगायचा असेल तर हुक स्लॅबमध्ये नीट पक्का केलेला हवा. पंख्याचा हुक त्यासाठी वापरू नका.

जागा नसल्यामुळे बाळ आई-वडिलांच्या गादीवरच झोपणार असेल तर गादी कडक हवी, बाळ भिंत आणि गादीच्या फटीजवळ नको, मोठ्यांची पांघरुणं त्याच्यापर्यंत पोचता कामा नयेत. घरात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा दारू पीत असेल तर त्याच्या शेजारी अजिबात नाही. सोफ्यावर बाळाला कुशीत घेऊन झोपणं सगळ्यांत धोक्याचं.

आईची गादी जमिनीवर घालू नका. सिझेरियननंतर जमिनीवरून उठताना टाक्यांवर ताण येतो आणि हे रात्रीतून चार-पाच वेळा होतं. खाट गुडघ्याच्या उंचीची, पाठ टेकायला भक्कम उशी आणि लंगोट, फडकी, पाण्याची बाटली कमरेच्या उंचीवर हाताशी. बाथरूमच्या ओल्या फरशीवर रबरी मॅट आत्ताच टाका.

एसी लावायला हरकत नाही. २६-२७ वर ठेवा आणि झोत बाळावर येऊ देऊ नका. बाळाचे हातपाय जरा गारच लागतात, त्यावरून अंदाज करू नका. मानेमागे हात लावा. मान घामेजली असेल तर एक थर कमी करा. मुंबईच्या दमट हवेत टोपडं, कुंची, मोजे आणि वर दुपटं एवढं सगळं एकदम घालून घामोळं हमखास येतं.

कपड्यांचे आकडे: लंगोट २४, पावसाळ्यात ३६, पुढून बांधायची झबली १०-१२, दुपटी ८-१०, रबरी शीट ३, टोपडी २-३. नव्या बाळाची झबली दोन महिन्यांत तोकडी होतात, त्यामुळे त्यांवर पैसे घालू नका. लंगोटांसाठी मंगळदास मार्केटमधून मीटरवर मलमल घ्या आणि दोन फूट चौरस कापून कडा दुमडा, नाहीतर घरची जुनी सुती धोतरं वापरा. दुपट्यांना मऊ झालेली नऊवारी उत्तम. सगळं वापरायच्या आधी धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता, दोनदा खळबळून. डायपरचं सर्वांत लहान मापाचं एकच पाकीट घ्या, माप लवकर बदलतं.

पेटीतून काढलेल्या गोधड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर त्या बाळाला वापरू नका. त्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे, जी-६-पी-डी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. बाळात ही कमतरता आहे का हे आधी कळत नाही. बाळाच्या कपाटातून डांबरगोळ्या आजच काढा.

पावसाळ्यात लंगोट वाळणं हा रोजचा प्रश्न. छताला पुलीचा स्टँड लावा, दोन लंगोटांत हातभर अंतर सोडा, रात्रभर पंखा चालू ठेवा आणि सकाळी उरलेली ओल इस्त्रीने काढा. दमट लंगोटाने जांघेत लालसर बुरशीचं पुरळ येतं आणि मग पावडरी लावत बसावं लागतं, जी बाळाच्या नाकात जाते.

औषधांचा डबा छोटाच: डिजिटल थर्मामीटर, कापूस, नखं कापायची छोटी कात्री आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं तेवढंच. मध आणि गुटी नको, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं. फ्रिजवर एक कागद चिकटवा: बालरोगतज्ज्ञांचा नंबर, जवळच्या नवजात विभाग असलेल्या रुग्णालयाचा नंबर, रुग्णवाहिका १०८. त्याखाली लिहा की काखेत ताप ९९.५ फॅरेनहाइटच्या वर किंवा ९६ च्या खाली, अंगावर पिणं सोडलं, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जातेय, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, तेही मोजा.

मालिशवाल्या बाईंशी आधीच बोला: नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सुट्टी पगारी. नाका-कानात तेल नाही. बारशाला गर्दी होणार असेल तर बाळाला आतल्या खोलीत ठेवा, पाळण्यात घालण्यापुरतं बाहेर आणा. हात धुतल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही, पापे घ्यायचे नाहीत. हे सांगायचं काम बाबांचं किंवा आजोबांचं, आईवर टाकू नका.

रुग्णालयातून घरी आणताना एवढंच बघा की रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाहीत. परळ-गिरगावच्या बाजूला टॅक्सीच ठरवावी लागेल. लिफ्ट नसेल तर प्रत्येक मजल्यावर आईला टेकायला एक खुर्ची ठेवा.

निघण्यापूर्वी लसींची नोंद तपासा: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत द्यायची हेपॅटायटिस बी. पुढच्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना, पालिकेच्या दवाखान्यात मोफत. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालय ती पाठवतं, पण फॉर्मवर आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून मगच सही करा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. वर्षभरात ते विनाशुल्क भरता येतं.