घुमट उघडल्यानंतरचा पाऊण तास

महाविद्यालयाच्या वेधशाळेचे काम माझ्याकडे आल्यापासून एक नियम मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो आणि तो कोणालाच आवडत नाही: घुमट उघडल्यावर पाऊण तास दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. दिवसभर बंद जागेत तापलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत त्याच्यावरून उष्ण हवेचे प्रवाह उठत राहतात आणि शनीची कडी वाहत्या पाण्यातल्या नाण्यासारखी हलताना दिसतात. तेवढ्या वेळात डोळेही अंधाराला सरावतात. अर्थात, मध्येच कोणी मोबाइल उघडला नाही तर.

गेल्या सत्रात आम्ही एचडी १८९७३३ या ताऱ्यासमोरून होणारे त्याच्या ग्रहाचे अधिक्रमण नोंदवायचे ठरवले. सुमारे २.२ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करणारा हा ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश जेमतेम अडीच टक्क्यांनी घटतो. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमांत शेजारच्या ताऱ्यांशी सतत तुलना केली की आलेखात उथळ खळगा उमटतो. आमचा खळगा त्याहून बराच खोल आला, तेव्हा विद्यार्थी हरखले आणि मला शंका आली. दुर्बिणीचा ध्रुवीय अक्ष, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा तिचा फिरण्याचा अक्ष, नीट जुळवलेला नसल्यामुळे तारा चित्रचौकटीत सरकत जाऊन कॅमेऱ्याच्या संवेदकावरील धुळीच्या वर्तुळाकार सावलीत शिरला होता, आणि ती सावली काढून टाकण्यासाठी लागणाऱ्या समप्रकाशित (एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या) प्रतिमा त्या संध्याकाळी घाईत मीच घेतल्या नव्हत्या.