ओर्विएतो: आधी विहीर, मग कॅथेड्रल

रोमहून साध्या रीजनल गाडीने इटलीतल्याच ओर्विएतो या गावाला सव्वा ते दीड तास लागतो. स्टेशनाबाहेर आलं की समोर उभा कातळ आणि त्याच्या माथ्यावर गाव. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मान वर करून त्यांनी विचारलं, "एवढ्या वर पाणी कुठून आणत असतील गं?" मग आमचा सगळा दिवस त्या प्रश्नामागेच गेला.

स्टेशनासमोरून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी, वर जाते. 1888 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. वरच्या चौकातून कॅथेड्रलपर्यंत छोटी बस मिळते. सगळे त्या बसकडे धावतात, आम्हीही धावलो, आणि तिथेच चुकलो. कॅथेड्रलचा दर्शनी भाग साधारण पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी त्यावर सावली असते आणि सोनेरी मोझेइक मळकट दिसतं. तुम्ही आधी फ्युनिक्युलरशेजारच्या पोझ्झो दी सान पात्रिझिओ या विहिरीत उतरा.

1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं आणि पोप सातवा क्लेमेंट वेष पालटून इथे पळून आला. कडे चारी बाजूंनी तुटलेले, त्यामुळे शत्रूची भीती कमी. पण वेढा पडला तर पाण्याचं काय? आपल्याकडे गडावरच्या टाक्यांमागे जी धास्ती, तीच ही. त्याने आंतोनियो दा सांगाल्लो (धाकटा) या वास्तुकाराला विहिरीच्या कामाला लावलं. खोली 53 मीटर, पायऱ्या 248, आणि मधल्या पोकळीभोवती एकात एक गुंफलेले दोन जिने. भरल्या मशका घेऊन वर येणाऱ्या खेचरांना खाली उतरणारी खेचरं आडवी येऊ नयेत म्हणून हा खटाटोप. पायऱ्याही खुरांच्या बेताच्या, रुंद आणि बुटक्या. पोकळीच्या भिंतीत 70 खिडक्या आहेत. बाबा त्या मोजत उतरले, एकेचाळिसाव्याला चुकले. तळाशी दोन्ही जिने जोडणारा छोटा पूल आहे. तिथून वर पाहिलं तर आभाळाचं नाणं दिसतं. 1537 मध्ये विहीर पूर्ण झाली, पण क्लेमेंट 1534 मध्येच वारला होता. गुडघे कुरकुरत असतील तर एक ध्यानात ठेवा: परतीच्या 248 पायऱ्याही पायीच आहेत, खेचर मिळत नाही.

त्याआधी लोक काय करत, ते गावाच्या पोटात कळतं. डोंगर टफचा आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडाचा. रोमनांआधीच्या एत्रुस्कन लोकांनी त्यात अरुंद विहिरी खणल्या. समोरासमोरच्या भिंतींत पाय रोवायला खोबणी, बास! इ. स. पू. 264 मध्ये रोमनांनी त्यांचं इथलं शहर उद्ध्वस्त केलं, विहिरी मात्र राहिल्या. शेजारच्या गुहांत मध्ययुगातले कबुतरखाने दिसतात, भिंतभर चौकोनी कोनाडे. इथे गाइडबरोबरच जाता येतं. तिकीट कॅथेड्रलच्या चौकात मिळतं. उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी घ्या, आत गार असतं.

दुपारी तीननंतर कॅथेड्रल. पायाभरणी 1290 ची. 1310 पासून लोरेंझो मायतानीने काम हाती घेतलं. बाजूच्या भिंतींवर काळे-पांढरे पट्टे आहेत. त्यातला काळा दगड बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. दर्शनी भागावर नजर वरच्या सोन्याकडेच जाते, पण खालचे चार संगमरवरी खांब चुकवू नका. डावीकडच्या पहिल्यावर झोपलेल्या आदामची बरगडी देव काढतोय. शेवटच्यावर कयामतीचा दिवस, आणि नरकात पडलेल्यांचे पिळवटलेले चेहरे अगदी जवळून दिसतात. आत सान ब्रिझिओ चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनादालन. छतावरच्या चित्रांचं काम फ्रा आंजेलिकोने 1447 मध्ये सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. ते लूका सिन्योरेल्लीने 1499 ते 1504 मध्ये पुरं केलं. त्याच्या चित्रात सांगाडे जमिनीतून हातांवर जोर देत स्वतःला वर ओढून काढतात. मला तरी ते इथलं सगळ्यात थोर काम वाटलं. कॅथेड्रलमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

जेवण दुपारी अडीचच्या आत उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. इथला पाव बिनमिठाचा, बाबांना तो पचनी पडला नाही. मेन्यूवरचं 'पालोंबा' म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं. कबूतर, म्हटल्यावर गुहेतले कोनाडे आठवले असावेत. त्यांनी मुकाट्याने ट्रफलची (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी) उंब्रिकेल्ली, म्हणजे इथला जाडसर पास्ता, मागवली आणि माझ्याही ताटातली निम्मी संपवली.