वाचनालयाची साइट एचटीटीपीएसवर नेली, त्याची गोष्ट

आमच्या वाचनालयाची साइट जुनी, साध्या एचटीटीपीवर चाललेली, म्हणजे साइट आणि वाचक यांच्यातला मजकूर उघडाच जाणार; एचटीटीपीएसमध्ये तोच सांकेतिक होऊन जातो. अशा साइटवर क्रोम २०१८ पासून ‘नॉट सिक्युअर’चा शेरा मारतो, तरी कार्यकारिणीचं म्हणणं एकच, ‘आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ मग बैठकीतच लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारं साधन, चालू केलं आणि सभासद म्हणून लॉगिन केलं. सभासद क्रमांक, पासवर्ड, अक्षरन् अक्षर पडद्यावर. तोच पासवर्ड ईमेललाही ठेवणारे दोघं-तिघं तिथेच बसले होते. ठराव मंजूर.

एचटीटीपीएसला साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते फुकट मिळतं, त्यामुळे खजिनदारही गप्प. सर्व्हरवर सर्टबॉट हा प्रमाणपत्र आणणारा प्रोग्रॅम टाकला. तो किल्ल्यांची, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या दोन मोठ्या आकड्यांची, जोडी बनवतो. खाजगी किल्ली सर्व्हरवरच राहते, सार्वजनिक किल्ली लेट्स एन्क्रिप्टकडे सहीसाठी जाते. सही करण्याआधी ते खात्री करतात, डोमेन तुमच्या ताब्यात आहे ना? त्यांनी दिलेला मजकूर साइटवर ठराविक पत्त्यावर ठेवायचा, त्यांचे सर्व्हर येऊन तो वाचतात.

गाडं इथेच अडलं. माझ्या फोनवर ती फाइल झटकन उघडायची, त्यांना मात्र ‘टाइमआउट’. बरीच डोकेफोड केल्यावर कळलं, होस्टिंगवाल्यांनी परदेशातून येणारी रहदारी परस्पर बंद करून ठेवली होती. आणि लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून जगात वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासणी करतं, म्हणजे एखाद्या ठिकाणचा मार्ग कुणी वळवला तरी फसगत होऊ नये. फोनवर फोन केले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

एवढी कडक तपासणी का, हे डिजिनोटारच्या प्रकरणावरून पटतं. २०११ मध्ये प्रमाणपत्रं देणाऱ्या या डच कंपनीत घुसून कुणीतरी गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं काढली आणि इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली. सांकेतिकीकरणाचं गणित कुणी फोडलंच नव्हतं. खोटी होती ती ओळख. ब्राउझरांनी कंपनीला वाळीत टाकलं, त्याच वर्षी तिचं दिवाळं वाजलं.

प्रमाणपत्र लागल्यावर मुखपृष्ठांच्या चित्रांचे जुने एचटीटीपी दुवे डेटाबेसमध्ये बदलले. ते काम कंटाळवाणं, पण सोपं.

मग पुन्हा वायरशार्क. टीएलएस १.३ मध्ये, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीत, दोन्ही बाजू डिफी-हेलमन पद्धतीने, किल्ली एकमेकांना न पाठवता, दर जोडणीला मजकूर सांकेतिक करायची नवी किल्ली ठरवतात; खाजगी किल्लीचं काम फक्त ‘मी तोच सर्व्हर’ अशी सही करण्याचं. पासवर्डच्या जागी आता नुसता गिचमिड मजकूर. कोणतं पुस्तक राखून ठेवलं तेही दिसेना. डोमेनचं नाव मात्र पहिल्याच निरोपात उघडं होतं, म्हणजे तुम्ही आमच्या साइटवर आलात एवढं वायफायवाल्याला अजून कळतं.

प्रमाणपत्र ९० दिवसांचं. सर्टबॉट रोज आपणहून तपासतो आणि मुदत जवळ आली की नवं आणतो. आठवणीचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केले, म्हणून नूतनीकरण अडलं तर मला निरोप येईल अशी छोटी स्क्रिप्ट जोडली. २०२९ मध्ये प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा हाताने करत बसणाऱ्यांची खरी तारांबळ उडेल.