संभाव्यतेची वही : पाडवा ते संक्रांत

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या अडत दुकानात नव्या वह्यांची पूजा झाली आणि त्या गठ्ठ्यातून उरलेली एक लाल कापडी बांधणीची वही मालकांना सांगून मी घरी आणली. सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचे हिशेब लिहिण्यात माझी चोवीस वर्षे गेली आहेत. तरीही दहावीतल्या भाच्याने त्याच सुमारास मला विचारले, "मावशी, दोन नाणी उडवली तर एक छापा आणि एक काटा पडण्याची संभाव्यता किती?" तेव्हा मी क्षणभरही न थांबता "एक तृतीयांश" असे सांगून मोकळी झाले. दोन्ही छापे, दोन्ही काटे, किंवा एकेक. म्हणजे तीनच शक्यता, असा माझा हिशेब होता. भाचा काही बोलला नाही, पण त्याने पाठ्यपुस्तक माझ्यापुढे सरकवले. त्या वहीत जमाखर्चाऐवजी सहावी ते दहावीची गणिते उतरवायची, हे मी त्या रात्री ठरवले.

आपल्यासारख्या गणिताच्या छंदिष्टांनी आपापल्या नोंदी एकमेकांना दाखवाव्यात असे ठरलेच आहे, म्हणून दहा आठवड्यांचा हिशेब मांडते. एकूण २१४ गणिते सोडवली. त्यांपैकी १५१ पहिल्या प्रयत्नात बरोबर आली आणि ६३ चुकली. चुकलेल्यांपैकी ११ ठिकाणी साधी आकडेमोड चुकली, १९ ठिकाणी प्रश्नच नीट वाचला नव्हता आणि राहिलेल्या ३३ ठिकाणी मोजायचे काय, हेच मला कळले नव्हते. हा शेवटचा आकडा पाहून मी चकित झाले, कारण ज्या माणसाचा जन्म बेरजा करण्यात गेला त्याच्या चुका बेरजेत निघाव्यात अशी माझी समजूत होती.

लसावि, मसावि, सरळव्याज आणि काळ-काम यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ते आमचे रोजचेच आहे. शेकडेवारीच्या एका गणिताने मात्र मला पुढचा सगळा रस्ता दाखवला. द्राक्षांत ८० टक्के पाणी असते आणि ती वाळवून केलेल्या बेदाण्यात १५ टक्के पाणी उरते असे धरले, तर १०० किलो द्राक्षांचा बेदाणा किती होईल, असा तो प्रश्न होता. भाच्याने ८० मधून १५ वजा केले, ६५ टक्के वजन घटले असे मानले आणि ३५ किलो हे उत्तर लिहिले. मी कागद न घेताच त्याला सांगितले की हे अशक्य आहे. तासगावच्या बाजूला जो कोणी शेडवर द्राक्ष टाकतो त्याला चार किलोला एक किलो हा ठोकताळा पाठ असतो, त्यामुळे उत्तर पंचवीसच्या आसपासच यायला हवे. मग आम्ही ते रीतसर मांडले. १०० किलोत पाणी सोडून उरणारा भाग २० किलो. तो वाळवताना बदलत नाही. बेदाण्यात तोच ८५ टक्के असतो. म्हणून २० ला ०.८५ ने भागायचे, आणि उत्तर येते सुमारे साडेतेवीस किलो. वजाबाकीत भाच्याची काही चूक नव्हती. पण ८० टक्के हे शंभर किलोचे होते आणि १५ टक्के हे वेगळ्याच, अजून न सापडलेल्या वजनाचे होते, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

सरासरी वेगाच्या गणितात मी स्वतः तशीच फसले. जाताना ताशी ४० किलोमीटर आणि येताना ताशी ६० किलोमीटर या वेगाने १२० किलोमीटर अंतर कापले, तर सरासरी ५० येत नाही, ४८ येते, कारण जायला तीन तास लागतात आणि यायला दोनच, म्हणजे कमी वेगाचा वाटा जास्त तासांचा असतो. पाव पान पुरले, म्हणून पुढे जाते.

संभाव्यतेत माझी अडचण निराळी होती. बेदाण्याचे उत्तर चुकले तर ते माझ्या कानाला खटकते. पण नाण्यांचे किंवा फाशांचे उत्तर चुकले तर कुठेच काही खटकत नाही, कारण त्या बाबतीत माझ्याजवळ कोणताच ठोकताळा नाही. एक तृतीयांश हे उत्तर मला अगदी रास्त वाटले होते. म्हणून ठरवले की संभाव्यतेचे प्रत्येक उत्तर आधी नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी, पूर्ण लिहून काढायचे आणि जमेल तिथे प्रत्यक्ष प्रयोग करून ताडून पाहायचे. निदान ठोकताळा तयार होईपर्यंत तरी सूत्र वापरायचे नाही.

नाण्यांपासून सुरुवात केली. एक पाच रुपयांचे आणि एक दोन रुपयांचे नाणे घेतले, आणि तेवढ्यानेच गाठ सुटली. पाचावर छापा व दोनावर काटा, आणि पाचावर काटा व दोनावर छापा, या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत हे वेगवेगळी नाणी हातात असताना कोणी सांगावे लागत नाही. एकूण चार समसंभाव्य निष्पत्ती, त्यांपैकी दोन अनुकूल, म्हणून संभाव्यता १/२. दोन्ही नाणी सारखीच असती तरी नाण्यांना त्याचे सोयरसुतक नसते. ती आपल्याला ओळखू येतात की नाही यावर त्यांचे पडणे अवलंबून नाही. हे एक वाक्य मी वहीत लाल शाईने लिहिले आहे, आणि पुढच्या आठवड्यांत त्याकडे मला अनेकदा परत यावे लागले.

फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ साली विश्वकोशातल्या आपल्या लेखात अगदी या जातीची चूक केली होती, हे वाचून मला बराच धीर आला. दोन वेळा नाणे उडवून निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता त्याने २/३ मानली. पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ तिथेच संपतो, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता उरतात, असे त्याचे म्हणणे होते. शक्यता तीन आहेत हे खरे आहे, पण पहिलीचे वजन उरलेल्या प्रत्येकीच्या दुप्पट आहे, म्हणून खरे उत्तर ३/४ येते. माझा एक तृतीयांश आणि त्याचा दोन तृतीयांश ही सख्खी भावंडे आहेत.

ही जात पुस्तकांतही आढळते. बाजारातल्या एका मार्गदर्शकात तीन नाणी उडवून नेमके दोन छापे पडण्याची संभाव्यता १/४ छापली आहे. मी आठही निष्पत्ती लिहून काढल्या, त्यांत तीन अनुकूल सापडल्या, आणि तरीही छापील उत्तरापुढे माझ्या ३/८ वर माझाच विश्वास बसेना. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी ती तीन नाणी ८० वेळा उडवली तेव्हा ३१ वेळा नेमके दोन छापे पडले. अपेक्षा ३० ची होती, आणि १/४ खरे असते तर ती २० ची असती. छापणाऱ्याने बहुधा शून्य, एक, दोन, तीन छापे अशा चार शक्यता धरून त्यांतली एक उचलली असावी. छापलेले उत्तर पडताळून न पाहता स्वीकारण्याची सवय चोवीस वर्षे पावत्या तपासणाऱ्या बाईला लागावी, याचे मला वाईट वाटले.

पिशवीतून चेंडू काढण्याची गणिते मी चेंडूंऐवजी बेदाण्यावर केली. वाटीत सहा हिरवे आणि चार काळे मनुके ठेवले, वर रुमाल टाकला, आणि एकामागून एक दोन काढले तर निदान एक काळा निघण्याची संभाव्यता शोधायला घेतली. प्रयोगासाठी भाच्याला बसवले. त्याने पहिला काढला, रंग सांगितला आणि तोंडात टाकला. मी रागावणार होते, पण प्रश्नात "परत न ठेवता" असेच लिहिले होते आणि पहिल्या वाचनात मी ते ओलांडून गेले होते. पहिला हिरवा असण्याची संभाव्यता ६/१०. तो पोटात गेल्यावर उरलेल्या नवांत पाच हिरवे, म्हणून दुसराही हिरवा असण्याची ५/९. दोन्ही हिरवे असण्याची त्यांचा गुणाकार, म्हणजे १/३. पूरक घटना, म्हणजे तसे न होणे, घेतली की निदान एक काळा असण्याची २/३. मनुका परत ठेवला असता तर उत्तर ०.६४ आले असते. फरक थोडा आहे, पण त्यामागचे कारण रुमालाखालच्या वाटीत जितके स्पष्ट दिसले तितके ते मला पुस्तकातल्या पिशवीत कधी दिसले नव्हते.

"निदान एक" हे शब्द दिसले की आधी "एकही नाही" शोधायचे, ही युक्ती तेव्हापासून हातात बसली. ती बसण्याआधी एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता मी १/६ ची चौपट, म्हणजे २/३ काढली होती. या पद्धतीने सहा वेळा टाकल्यावर सहा पडणे निश्चित ठरते आणि सात वेळा टाकल्यावर संभाव्यता एकाच्या वर जाते, हे भाच्याने दाखवल्यावर मी ते पान आडवी रेघ मारून रद्द केले. एकदाही सहा न पडण्याचे प्रकार १२९६ पैकी ६२५ आहेत, म्हणून निदान एकदा पडण्याचे ६७१. उत्तर अर्ध्याहून जेमतेम जास्त, ०.५१८. फ्रेंच गणिती पास्कालने १६५४ साली फर्मा या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रात ६७१ विरुद्ध ६२५ हेच आकडे आहेत. माझ्या शंभर चौकड्यांत ५४ वेळा निदान एक सहा पडला.

दोन फाशांच्या बेरजेसाठी अठरा संध्याकाळी रोज वीस, अशा ३६० फेका झाल्या. ३६ निष्पत्तींचा तक्ता समोर होता, त्यामुळे सातची अपेक्षा ६०, अकराची २० आणि बाराची १० होती; प्रत्यक्षात सात ६६ वेळा, अकरा १८ वेळा आणि बारा ७ वेळा पडले. लायब्निट्‌ससारख्या गणितीने अकरा आणि बारा सारख्याच सहजतेने पडतील असे मानले होते, कारण अकरा म्हणजे पाच-सहा आणि बारा म्हणजे सहा-सहा, दोन्ही एकेकाच प्रकारे होतात असे त्याला वाटले. पांढरा आणि लाल फासा घेतला की पाच-सहा दोन प्रकारे होते. माझ्या लाल शाईच्या वाक्याने इथे पुन्हा काम केले.

सर्वांत जास्त पाने तीन फाशांनी खाल्ली आहेत. इटलीतल्या खेळाडूंना अनुभवाने असे वाटत होते की तीन फाशांची बेरीज ९ पेक्षा १० थोडी जास्त वेळा येते. पण लिहायला बसले की दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारे होतात, आणि हे कोडे गॅलिलिओने सोडवले. मी ते न बघता करायचे ठरवले. नऊसाठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. दहासाठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. खरोखरच सहा आणि सहा. मग पांढरा, लाल आणि हिरवा असे तीन फासे समोर ठेवून एकेक गट फिरवून पाहिला. तिन्ही आकडे वेगळे असलेला गट सहा प्रकारे पडतो, दोन सारखे असलेला तीन प्रकारे, आणि ३-३-३ हा एकाच प्रकारे. नऊची बेरीज ६, ६, ३, ३, ६ आणि १, म्हणजे २५. दहाची ६, ६, ३, ६, ३ आणि ३, म्हणजे २७. एकूण २१६ पैकी फरक फक्त दोनचा. तो सगळा फरक एका ३-३-३ मुळे पडतो, कारण दहा तिघांत सारखे वाटता येत नाहीत.

आकडेमोड बरोबर आली तरी मला समाधान नव्हते. फेका सुरू केल्या. पहिल्या २१६ मध्ये नऊ २८ वेळा आणि दहा २४ वेळा, म्हणजे नेमके उलटे पडले. दुसऱ्या २१६ मध्ये नऊ २३ आणि दहा २९. दोन्ही मिळून ५१ आणि ५३, तर अपेक्षा ५० आणि ५४. माझ्या वहीवरून कोणी दहा जास्त पडते असे ठामपणे सांगू शकणार नाही. फेका शंभरपट केल्या तर अपेक्षित फरक शंभरपट होतो, पण नशिबाचा हेलकावा दहापटच वाढतो. त्या हिशेबाने हा फरक निःसंशय दिसायला माझ्या अदमासे दहा हजारांहून अधिक फेका लागतील. मग त्या खेळाडूंनी किती रात्री जागवल्या असतील, आणि चार किलोला एक किलो हा आमचा ठोकताळा तरी किती हंगामांत तयार झाला असेल, हा विचार मी त्या पानाच्या समासात लिहून ठेवला आहे.

रोज चाळीस फेका धरल्या तर अडीचशे संध्याकाळी लागतात, आणि हंगाम सुरू झाल्यावर दुकानातून आठच्या आत सुटका होत नाही. शिवाय हिरवा फासा शेजारच्या मुलाच्या लुडोतला होता. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला तेव्हा तो आठवणीने घेऊन गेला. रविवारी गणपती पेठेत जाऊन तीन वेगळ्या रंगांचे फासे आणले आहेत. ४३२ फेकांचा शेरा त्यांच्या नावे धरायचा की फासे बदलले म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची, यावर भाच्याचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही; तो म्हणतो पुढे चालू ठेव, पण मी नवे पान घातले आहे.